फवारणीच्या मजुराला विषबाधा झाली तर पैसे कोण देणार? आणि ती होऊच नये म्हणून कोण बघणार?

धुरकरी (धागाकर्ता)
पऱ्हाटीच्या (कापसाच्या) फवारण्या तोंडावर आल्या म्हणून हा धागा. २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. मग चौकशी पथक आलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, संरक्षक कपड्यांची किट वाटली, कृषी केंद्रांच्या भिंतींवर पोस्टर लागली. पोस्टर अजून आहेत.

माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या योजना माणूस मेल्यावर जाग्या होतात. त्यातही पहिला कागद सातबारा. फवारणी करणारा मात्र बहुतेक वेळा भूमिहीन असतो. तेव्हा दोन प्रश्न. सातबारा नसलेल्या मजुराच्या घरी नक्की काय येतं? आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्याला अपघात टाळायची गरज वाटेल अशी काही व्यवस्था गावात बसवता येते का? जाणकारांनी लिहावं. "सरकारने लक्ष द्यावे" एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल.

आर्णीकर
सरकारने लक्ष द्यावे. 😀

सातबारा_उतारा
पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना २०२३ पासून विमा कंपनीऐवजी थेट सानुग्रह अनुदान झाली आहे. वय १० ते ७५. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्य. मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन अवयव, किंवा एक डोळा आणि एक अवयव गेला तर २ लाख. एकच डोळा किंवा एकच अवयव गेला तर १ लाख. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा, वीज, शॉक, साप-विंचू, पाण्यात बुडणं हे सगळं त्यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, मुदत ३० दिवस.

इथं लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. व्हिसेरा अहवाल (शवविच्छेदनानंतरचा रासायनिक तपासणीचा) यायला महिने लागतात आणि घरचे त्याची वाट पाहत बसतात. तसं करू नका. आहे त्या कागदांवर अर्ज द्या, पोच घ्या, अहवाल मागून जोडा.

भूमिहीन मजूर यात नाही. धागाकर्त्याचं ते म्हणणं बरोबर.

पंपाचा_पट्टा
काऊन, ई-श्रम कार्ड हाय ना सगळ्यायपाशी. त्यात दोन लाखाचा इमा हाय म्हणे.

सातबारा_उतारा
@पंपाचा_पट्टा भाऊ, तो गैरसमज फार पसरलाय. कार्ड ही नोंदणी झाली. सुरुवातीला त्याच्यासोबत मिळालेलं अपघात संरक्षण पहिल्या वर्षापुरतं होतं. आजचा खरा विमा म्हणजे बँक खात्याला जोडलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीस खात्यात २० रुपये नसले की हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो. मजुराच्या खात्यात नेमका उन्हाळ्यात खडखडाट असतो. पासबुकात कटल्याची नोंद दिसते का, तेवढं जूनमध्ये बघून घ्या. पेरण्यांच्या आधी.

कलमबहाद्दर
आता दुसरं अर्धं उत्तर. हे गावात फार कमी लोकांना माहीत आहे.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. लोकांना वाटतं तो कारखान्यांचा आहे. पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणकोणत्या कामावरचा माणूस 'कर्मचारी' धरायचा त्याची लांबलचक यादी आहे. शेतीत किंवा मळ्यात कीटकनाशकाची फवारणी वा धुरळणी करणारा त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. यंत्राने कापणी-मळणी करणारा आहे. ट्रॅक्टरने शेती करणाराही आहे. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग आहेत, आणि ऑर्गनोफॉस्फरस संयुगांची (ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं यातलीच) विषबाधा तिथे भाग 'अ' मध्ये आहे. या भागातल्या रोगांना अमुक महिने नोकरी झाली पाहिजे अशी अट नाही. पहिल्याच दिवशी बाधा झाली तरी ती कामातून झालेली इजा धरायची.

रोजंदारीचा माणूस होता, सालदार नव्हता, म्हणून मालक सुटत नाही.

हिशेब बघा. वय ४०, रोज ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर मजुरी १०,४००. मृत्यू असेल तर मजुरीच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक. चाळिशीला तो १८४.१७ आहे. ५,२०० × १८४.१७ = ९,५७,६८४ रुपये. देणारा कोण, तर ज्याच्या वावरात फवारणी चालू होती तो. महिन्याच्या आत जमा केले नाहीत तर १२ टक्के व्याज, शिवाय सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून जुने आकडे घेऊन कोणाशी भांडू नका.

आर्णीकर
बाप्पा! तीन एकरवाल्यानं साडेनऊ लाख आणायचे कुठून? वावर विकावं लागंन. मजूर मेला त्याचं घर बसलं, मालकाचंही बसवता का?

वर्धाकाठ
आर्णीकरांशी सहमत. कायद्याला कारखानदार आणि कोरडवाहू शेतकरी सारखेच दिसतात. अशी रक्कम डोक्यावर टांगली तर शेतकरी कागदावर मजूर दाखवणारच नाही. "तो तर माझा चुलतभाऊ, मदतीला आला होता" हे उत्तर ठरलेलं.

कलमबहाद्दर
@वर्धाकाठ तसंच होतं. पण आज काय चालतं तेही बघा. गावातली चार माणसं बसतात, मालक वीस-पंचवीस हजार देतो, स्टॅम्प पेपरवर "काही तक्रार नाही" लिहून घेतात. कायद्याने त्या कागदाला किंमत शून्य. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच (जुन्या कायद्यातला भरपाई आयुक्त) जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल वजा होते. हक्क सोडून दिल्याचा करारही रद्दबातल. म्हणजे मालकाने पंचवीस हजार घालवले आणि जबाबदारी जशीच्या तशी. १९२३ च्या कायद्यात दाव्याला दोन वर्षं होती, त्यामुळे "आता मिटलं" म्हणून निवांत राहायची सोय नाही.

आणि साडेनऊ लाख घरातून द्यायची गरज नाही. या जबाबदारीचा विमा मिळतो. सर्वसाधारण विमा कंपन्या कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी देतात, त्यात मजुरांची नावंसुद्धा लागत नाहीत. कामाचा प्रकार, माणसांची संख्या आणि हंगामातली एकूण मजुरी सांगायची. कंपनी भरपाई भरते, उशिराचा दंड मात्र मालकालाच भरावा लागतो.

हिशेबनीस
धाग्याचा दुसरा प्रश्न इथं येतो. जर्मनीत १८८४ ला अपघात विम्याचा कायदा झाला, दोन वर्षांनी शेतीलाही लागू झाला. वर्गणी पूर्ण मालकाची. जी मंडळं भरपाई देतात तीच यंत्रांच्या सुरक्षेचे नियम करतात आणि त्यांचेच निरीक्षक फिरतात, कारण अपघात झाला की पैसे त्यांचे जातात. धोक्याच्या वर्गाप्रमाणे वर्गणी कमी-जास्त. आपल्याकडे पैसे देणारं खातं वेगळं, औषध विकायचा परवाना देणारं वेगळं, रक्त तपासणारं वेगळं. एकाने हलगर्जी केली तर दुसऱ्याच्या तिजोरीतून जातं, त्यामुळे कोणाचंच अडत नाही.

संत्राबर्फी
जर्मनी ते घाटंजी, एसटीनं किती तास?

नोझल
एसटी येईपर्यंत फवारणीचं बोलू. विषबाधा नेमकी कुठून होते हे कळल्याशिवाय विमा काढून काय करणार?

लोकांना वाटतं विष नाकातून जातं, म्हणून तोंडाला रुमाल बांधतात. पाठीवरच्या पंपाने फवारताना सगळ्यात जास्त विष कातडीतून जातं. तीन जागा लक्षात ठेवा. पहिली, झाकणाने मूळ औषध मोजून ओतताना हात. तिथं औषध पाण्यात मिसळलेलं नसतं, निव्वळ असतं. दुसरी, मांड्या आणि पोटऱ्या, कारण माणूस स्वतःच फवारलेल्या ओल्या झाडांतून पुढे जातो. तिसरी, पाठ. झाकणाचं वायसर गेलं की पंप हळूहळू गळतो आणि सदरा दिवसभर ओला राहतो. घामाने ओली, तापलेली कातडी जास्त शोषते. रुमालही एकदा भिजला की विषाची पट्टी नाकाला बांधल्यासारखाच.

आता पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं गणित, हे नीट वाचा. पाठीवरच्या हातपंपाला एकरी साधारण २०० लिटर पाणी लागतं. पेट्रोल पंपाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाने भागतं. एकरी औषध तेवढंच द्यायचं, म्हणून शिफारशीत पेट्रोल पंपासाठी दर टाकीला तिप्पट मात्रा सांगतात. म्हणजे त्या टाकीतलं पाणी तिप्पट जहाल असतं आणि थेंब बारीक, तुषार अंगावर जास्त वेळ तरंगतात. हातपंपाला खपून गेलेला निष्काळजीपणा इथं खपत नाही. त्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की नळी वर धरावी लागते आणि सगळं तोंडावर पडतं. २०१७ ला झाडं अशीच वाढली होती. वरून एकाच टाकीत दोन-तीन कीटकनाशकं, टॉनिक आणि विद्राव्य खत, असं कृषी केंद्रवाला सांगेल ते कॉकटेल.

पंपाचा_पट्टा
हे सारं खरं हाय. पण ते किट घालून पऱ्हाटीत एक तास उभं राहून दाखवा मनाव कोणाले. ऑक्टोबरचं उन, खालून वाफ. माणूस इषानं नाई, उकडून मरन.

नोझल
@पंपाचा_पट्टा बरोबर आहे, म्हणूनच वाटलेली किटं घरात लटकलेली असतात. अख्खा प्लास्टिकचा झगा नकोच.

सुती लांब बाह्यांचा सदरा आणि फुलपँट. कमरेपासून पोटरीपर्यंत समोरून प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं एप्रन. पाठीला खताची धुतलेली पिशवी मधून कापून पट्ट्याखाली. गमबूट, आणि पँटचा पायचा बुटाच्या बाहेर, नाहीतर वरून आलेलं पाणी बुटात साठतं. हातमोजे नायट्रिलचे, कापडी कधीच नाही. झाड खांद्याच्या वर असेल तर मोज्यांची कड बाहीच्या वरून घ्या, म्हणजे ओघळ आत जात नाही. डोळ्यांना साधा गॉगल. एवढ्यावर सकाळी दहापर्यंत काम निघतं. दहानंतर बंद, उरलेलं चारनंतर. वारा पाठीवर किंवा बाजूने ठेवायचा, फवारलेल्या ओळीत परत शिरायचं नाही. नोझल बुजलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश खिशात ठेवा.

वर्धाकाठ
दहाला बंद म्हणता, पण मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप मारले तितके पैसे. तो कशाला थांबेल?

नोझल
@वर्धाकाठ हे पोस्टरवर कुठेच लिहिलेलं नसतं. पंपामागे मजुरी असली की वाऱ्याविरुद्धही मारतात, भर दुपारी मारतात, हात धुवायलाही थांबत नाहीत. अर्ध्या दिवसाचा ठरलेला रोज द्या, निम्मे धोके तिथेच जातात. किटपेक्षा हा बदल स्वस्त आहे.

सावजी_रस्सा
वैद्यकीय बाजू. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, संडास पातळ, छातीत घरघर, मांसपेशी फडफडणं. एवढं दिसलं की ऑर्गनोफॉस्फेट समजा. कपडे आधी उतरवा, मग गाडीत घाला. साबणाने अंग, केस, नखांखाली धुवा, डोळे पंधरा मिनिटं साध्या पाण्याने. धुणाऱ्याने स्वतः मोजे घालावेत. दूध, तूप, ताक पाजू नका, मीठ-पाणी देऊन उलटी करवू नका. कुशीवर झोपवून न्या. औषधाची बाटली, ती नसेल तर लेबलचा फोटो सोबत न्या. अॅट्रोपिन आणि पॅम ही औषधं ऑर्गनोफॉस्फेटला आहेत. डायफेन्थियुरॉनसारख्या कीटकनाशकाला उतारा नाही, लक्षणांवरच उपचार. त्यामुळे नाव कळणं महत्त्वाचं.

"बरं वाटतंय" म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आणू नका. २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. मान उचलता येत नाही ही पहिली खूण, त्या रुग्णाला व्हेंटिलेटर लागू शकतो.

आणि पैशाच्या धाग्यात हे हवंच. दाखल करताना केस पेपरवर नुसतं "विषप्राशन" लिहून घेऊ नका. आपल्या भागात विष म्हटलं की लिहिणाऱ्याच्या डोक्यात आत्महत्या येते. आत्महत्या लिहिली गेली की मुंडे योजना गेली, सुरक्षा विमा गेला, मालकावरचा दावाही कमजोर. सोबत आलेल्याने स्पष्ट सांगावं: फवारणी करताना, अमक्या गट नंबरमध्ये, इतक्या वाजता, हे औषध. पोलिसांच्या नोंदीतही तेच यायला हवं.

संत्राबर्फी
सावजी रस्सा असं नाव घेऊन अॅसिडिटीऐवजी हे सांगताय, काळ बदलला. पण उपयोगाचं. जपून ठेवतोय.

गठाण
थोडं अवांतर, पण सामाजिक सुरक्षेचंच. जिनिंगवाल्यांचं (सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांतल्या मजुरांचं) काय? हिंगणघाट, राळेगाव, वणी पट्ट्यात हंगामात हजारो माणसं लागतात. त्यांना राज्य कामगार विमा मिळतो असं समजतात. मिळत नाही. त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले आहेत आणि कापसाचं जिनिंग-प्रेसिंग त्या व्याख्येत नावानिशी आहे. 'केवळ' तेच काम असेल तर. आवारात बारमाही सूतगिरणी चालत असेल तर प्रश्न वेगळा. म्हणजे जिनिंगचा मजूरही फवारणीवाल्यासारखा नुकसानभरपाई कायद्याच्याच भरवशावर.

तिथले अपघात ठरलेले. कापसाची गंजी खालून ओढतात, वरचा कडा झुलता राहतो आणि अंगावर येतो. कापसाखाली माणूस मिनिटांत गुदमरतो. गंजी वरून उतरत्या पायऱ्यांनी काढायची आणि खाली एकट्याला लावायचं नाही. दुसरं, चालू रोलरमधला गुंता हाताने काढणं. तिसरं, आग. कापसातला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रोलरवर घासून ठिणगी पडते, म्हणून येणाऱ्या वाटेवर चुंबक आणि खडे पडायची जाळी लागते. आणि धुळीचा दमा, बिसिनोसिस. सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवड्यात बरं वाटू लागतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीआधी आणि पाळीनंतर फुंकणीची चाचणी (श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारी) घेतली की फरक आकड्यात दिसतो. हा रोगही तिसऱ्या अनुसूचीत आहे, पण भाग 'क' मध्ये. तिथं नोकरीच्या काळाची अट असते, आणि दर हंगामाला नवा मुकादम असला की तो काळ सिद्ध करता येत नाही. हजेरीच्या पानाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवणं एवढंच मजुराच्या हातात आहे.

आर्णीकर
गठाण भाऊ, हडंब्याचं (मळणी यंत्राचं) राहिलं. सोयाबीन काढताना हात जातात ते.

नोझल
@आर्णीकर हडंब्याच्या तोंडाला लांब चाडी (माल आत सरकवायची पन्हळ) हवी. मानकाप्रमाणे किमान ९० सेंटीमीटर, त्यातली ४५ वरून झाकलेली, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. गावात ती कापून आखूड करतात, माल लवकर जातो म्हणून. दुसरी जागा ट्रॅक्टरचा फिरता दांडा. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, दुपट्टा, शेला अडकला की सोडवायला वेळच नसतो. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं तर नवं घेईपर्यंत काम बंद.

कलमबहाद्दर
हात गेल्याचा हिशेबही टाकतो. पंजा गेला तर कमावण्याची क्षमता ६० टक्के गेली धरतात, अंगठा गेला तर ३० टक्के. वय ३०, तीच मजुरी: १०,४०० चे ६० टक्के × २०७.९८ × ६० टक्के = सुमारे ७ लाख ७८ हजार. मालक म्हणतो "दारू पिऊन होता" किंवा "सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं होतं." अर्धवट अपंगत्व किंवा त्याहून कमी इजेत हा बचाव चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर चालत नाही.

धुरकरी
छान माहिती आली. मूळ प्रश्नावर येतो. समजा गावातली शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सोसायटी सगळ्या सभासदांसाठी एकच पॉलिसी घेते. मग तीच अटी घालू शकते ना? पंपाची वायसरं तपासलेली हवी, अर्ध्या दिवसाचा रोज, मोजे नसतील तर पंप मिळणार नाही. हप्ता एकत्र भरणार म्हटल्यावर एकाच्या हलगर्जीचा भार सगळ्यांवर, म्हणून शेजारीच लक्ष ठेवतील.

वर्धाकाठ
कागदावर बरं दिसतं. पण शेजारी शेजाऱ्याला टोकत नाही, धुऱ्याचे वाद आधीच कमी आहेत का? अट पाळली की नाही हे पाहणारा पगारी माणूस लागेल.

सावजी_रस्सा
पाहणाऱ्याआधी रक्ताचा आकडा पाहतो. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये फवारणीच्या कामावरच्या माणसाची कामाआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, आणि ऑर्गनोफॉस्फेट वा कार्बामेट बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसाची महिन्याला कोलिनेस्टरेज (रक्तातलं एक एन्झाइम, या विषांनी ते घटतं). गावात कोणी करत नाही. हंगामाआधी प्रत्येक फवारणीवाल्याचा एक आकडा घेऊन ठेवा, कारण हा आकडा माणसागणिक वेगळा असतो, नुसत्या 'नॉर्मल'शी तुलना करून कळत नाही. कॅलिफोर्नियाचा नियम सोपा आहे: स्वतःच्या मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासा, लाल पेशींतला ७० टक्के किंवा त्याखाली आला की फवारणीतून काढून दुसरं काम द्या, परत ८० वर गेला की घ्या. कोणी मोजे घातले नाहीत हे भांडण न करता कळतं.

वर्धाकाठ
हे पटलं. दुसरं काम म्हणजे त्याच रोजाचं हवं, नाहीतर तो तपासणीलाच येणार नाही.

पंपाचा_पट्टा
आनी ज्यानं टोळीले ठेका देला, त्याचं काय? मुकादमच दहा पोरं आनते, मालक तं वावरातही येत नाई.

कलमबहाद्दर
@पंपाचा_पट्टा ठेका दिला तरी, काम मालकाच्या धंद्याचंच आहे, त्यामुळे मजूर थेट मालकाकडे मागू शकतो. मालकाने नंतर मुकादमाकडून वसूल करावं. म्हणून @धुरकरी, पॉलिसी घेताना दोन गोष्टी लिहून घ्या. एक, ठेकेदारामार्फत आलेले मजूरही धरले आहेत. दोन, कामाच्या वर्णनात 'कीटकनाशक फवारणी' आणि 'मळणी यंत्र' हे शब्द. नुसतं 'शेतमजूर' लिहिलं असेल तर दाव्याच्या वेळी कंपनी म्हणते हे काम सांगितलंच नव्हतं. प्रस्ताव अर्जाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, एजंटाच्या बॅगेत नको.

धुरकरी
सोसायटीच्या सभेत मांडतो. कोलिनेस्टरेजची चाचणी तालुक्याला कुठे होते, कोणाला माहीत असेल तर इथंच टाका.